चार दिवसांआड जादू

जादूगाराला वठणीवर कसं आणायचं, हे विरेशला शनिवारी सकाळी अर्ध्या बादलीत आंघोळ करताना सुचलं. या एका प्रश्नावर देशोदेशीचे लोक डोकं फोडून घेत होते, इंटरनेटवर त्यावरून शिवीगाळ चालली होती, आणि उत्तर निघालं ते सोलापूरच्या भवानी पेठेत, त्याच्या आईच्या, सावित्रम्मांच्या मोरीत, पहिल्या आणि दुसऱ्या तांब्याच्या मधे! अंगावरचा साबण तसाच ठेवून तो ओरडला, "अव्वा, सुटलं!"

सावित्रम्मा हातातलं लाटणं घेऊनच धावत आल्या. "पाणी सुटलं? आज? आपला वार तर परवा हाय की!"

"पाणी नाही गं! कोडं सुटलं माझं!"

"हात्तिच्या," म्हणून त्या माघारी वळल्या. "उरलेल्या पाण्यात पायपुसणं भिजवून ठेव."

हे कोडं काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही सावित्रम्मांसारखे माघारी वळाल. विरेश आठवडाभर टॉवेलच्या कारखान्यात बसून टॉवेलावर विणायची फुलं कागदावर काढतो. रविवारी दुपारी मात्र तो एका अख्ख्या जगाचा मालक असतो. घराच्या वरच्या खोलीत टेबलाभोवती चौघं जमतात, आणि कागद, पेन्सिल, वीस बाजूंचा फासा एवढ्या भांडवलावर राक्षस मारतात. विरेश गेम मास्टर. डोंगर, गुहा, ड्रॅगन, सगळं त्याचं. गोष्ट तोच सांगणार. बाकी तिघांनी त्या गोष्टीतलं एकेक पात्र व्हायचं. "मी दार तोडतो," असं म्हणायचं, फासा टाकायचा. मोठा आकडा पडला तर दार तुटलं, छोटा पडला तर खांदा निखळला.

गुरु हा त्याचा शाळेपासूनचा दोस्त. पेठेतच त्याचं मेडिकलचं दुकान आहे. अंगकाठी अशी की पंखा पाचावर लावला की गिऱ्हाईक त्याच्याकडे काळजीने बघतं. पण खेळात तो वज्रबाहू! सात फुटांचा, दंड कलिंगडाएवढे, तलवार बैलगाडीच्या दांडीएवढी. अभिमन्यू एका वकिलाच्या हाताखाली उमेदवारी करतो आणि खेळात चोर असतो. त्याला यात फारसं काही बदलावं लागत नाही. आणि काव्या. मूळची कायम दुष्काळी सांगोल्याची, इथे ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते. खेळात ती जादूगारीण, आणि सगळा घोटाळा तिथेच होता.

कारण या खेळात तलवारवाला वाढतो तो माणसासारखा, हळूहळू. जादूगार वाढतो साखर कारखाना हाती आलेल्या पुढाऱ्यासारखा! सुरुवातीला काव्याला काडी पेटवायला मंत्र लागायचा. तीन वर्षांत ती बसल्याजागी डोंगर पेटवायला लागली. मागच्या रविवारी लांडग्यांचा कळप आला. वज्रबाहूने तलवारीच्या मुठीवर हात ठेवला, गुरुने फासा मुठीत हलवला, त्यावर फुंकर मारली, आणि तेवढ्यात काव्या म्हणाली, "अग्निगोळा." संपलं! लांडग्यांचा वासही शिल्लक नाही.

गुरुने फासा डबीत ठेवला आणि झाकण लावलं.

"विरेश," तो म्हणाला, "रविवारचं दुकान बंद ठेवून येतो मी. बायको बोलती. तीन वर्षं झाली, मी नुसता मुठीवर हात ठेवून बसतोय. पुढच्या रविवारी माझी तलवार भायेर न्हाय आली, तर मला बोलवू नको बे."

आवाज चढवला असता तर विरेशला काही वाटलं नसतं. गुरु हे सगळं औषधाचा डोस सांगावा तसं शांतपणे बोलला, आणि तेच विरेशच्या जिव्हारी लागलं. हा खेळ दोघांनी मिळून सुरू केलेला. गुरु उठला तर टेबल उठलं, आणि मग रविवारी दुपारी विरेशने करायचं काय? टॉवेलावर फुलं काढायची?

उपाय त्याने याआधीही करून पाहिले होते. मंत्र अख्खा, मोठ्याने म्हणायचा अशी अट घातली. काव्या गणिताची बाई, तिने तो पाढ्यासारखा एका श्वासात म्हणून दाखवला. मंत्राला वटवाघळाचा पंख लागेल म्हटलं, तर तिने खेळात वटवाघळं पाळली. आता मात्र असा उपाय सापडला होता की जादूगार गुडघे टेकणार! रविवारी जिना चढतानाच तो गुरुला म्हणाला, "आज बघ. आज तुझ्या तलवारीला उसंत मिळणार नाही."

सगळे बसल्यावर त्याने घसा खाकरला.

"ऐका. आजपासून या राज्यात जादू हवेत नसते. ती डोंगराखालच्या तळ्यात असते. तिथून नळाने येते. प्रत्येक गावाला चार दिवसांआड, तीही थोडा वेळ. जादू आली की मंत्र चालणार. एरवी जादूगार म्हणजे काठी घेतलेला साधा माणूस."

"लई भारी बे!" गुरुने टेबलावर थाप मारली. कितीतरी महिन्यांनी त्याच्या तोंडावर हसू आलं होतं.

काव्या रागावली नाही. खरं म्हणजे तिथेच विरेशने सावध व्हायला हवं होतं. तिने पेन्सिलीला टोक काढलं आणि शांतपणे विचारलं, "किती वाजता येते?"

"ठरलेलं नाही."

"पहाटे पण येऊ शकते?"

"येऊ शकते."

"प्रेशर कसं असतं?"

"कमी असतं."

"हं. आणि साठवता येते?"

दुसऱ्या कुठल्याही गावचा गेम मास्टर इथे 'नाही' म्हणाला असता आणि सुखाने पुढे गेला असता. पण विरेश सोलापुरात जन्मलेला, सोलापुरात वाढलेला. नळाने येणारी वस्तू साठवत नाहीत, ही कल्पना त्याच्या डोक्यात शिरणार कुठून? त्याला तो प्रश्नच भाबडा वाटला. "साठवता येते की!" तो म्हणाला. "न साठवून भागेल कसं?"

"मग आम्ही गावातच मुक्काम करतो," काव्या म्हणाली. "मी कुंभारवाड्यात जाते. जेवढी मडकी असतील तेवढी घेते. तांबटाकडून हंडे, कळश्या. तेल्याकडची रिकामी पिंपं. धर्मशाळेत बाळाला आंघोळ घालायचं घंगाळ आहे का?"

"असेल," विरेश म्हणाला.

"तेही."

अभिमन्यू पुढे सरकला. "मी नळाला मोटार लावतो."

"अरे, राजेराजवाड्यांच्या काळात मोटार कुठली?"

"बैलावर चालणारी. जिथं नळ हाय तिथं मोटार निघतीच, साहेब. फासा टाकू?" त्याने टाकला. एकोणीस! विरेशला मान्य करावं लागलं. पहाटे जादू आली. काव्या आधीपासून जागीच होती. मोटारीने शेजारच्या दोन गल्ल्यांची जादूही ओढून घेतली, आणि उजाडेपर्यंत धर्मशाळेचा जिना, ओसरी, देवळी, जिथे म्हणून बूड टेकेल तिथे भरलेलं भांडं उभं राहिलं. काव्याने ती सगळी कागदावर काढली. प्रत्येकावर झाकणही रेखाटलं. पिंपांवर फडकं बांधलेलंही दाखवलं.

विरेशने मनात हिशेब केला. आधी काव्या दिवसाला मोजके मंत्र टाकून थकायची. आता ती बसली होती तिच्या जन्माला पुरेल एवढ्या जादूवर! जादूगार गुडघे टेकणार होता, त्याऐवजी त्याने गच्चीवर टाकी बांधली होती. समोर गुरुचा हात डबीच्या झाकणाकडे निघाला.

"थांब की बे!" विरेश घाईघाईने म्हणाला. "तेवढ्यात रानातून डुकरं येतात! मोठाच्या मोठा कळप!" डाव साधा होता. काव्याला गोळ्यांवर गोळे टाकायला लावायचे, भांडी रिकामी करायची, आणि मग गुरुची पाळी.

गुरुने फासा हातातही घेतला नाही. तो काव्याच्या अग्निगोळ्याची वाट बघत भिंतीकडे पाहत बसला.

"किती मोठी आहेत?" काव्याने विचारलं.

"चांगली दांडगी!"

काव्याने कागदावरच्या भांड्यांवरून नजर फिरवली. भरलेल्या हंड्यांकडे सांगोल्याचं माणूस ज्या नजरेने बघतं, तशी. "डुकरांसाठी अख्खी घागर घालवू?" ती म्हणाली. "नको बाई. आल्यागेल्याला लागते. गुरु, तू बघ की जरा."

गुरुने भिंतीवरची नजर काढून तिच्याकडे वळवली.

"मी?" गुरु म्हणाला.

"मग कोण?"

गुरुने फासा असा उचलला की जणू सत्यनारायणाचा प्रसाद. तलवार बाहेर आली! आणि जी चालली ती चालली! डुक्कर डावीकडून आलं, कापलं. उजवीकडून आलं, कापलं. गुरु खुर्चीवरून उठून उभा राहिला, हातवारे करायला लागला, शर्टाची बाही पंख्यात जाता जाता राहिली. विरेश डुकरांमागून डुकरं सोडत होता आणि काव्या प्रत्येक वेळी म्हणत होती, "एवढ्याशासाठी नको." विरेशला उमगलं की जगभरच्या लोकांना जे जमलं नाही ते त्याला जमलंय. जादू कमी करून जादूगार आवरत नाही. जादू साठवायला दिली की तो आपोआप चिक्कू होतो! हे इंटरनेटवर लिहायचं, असंही त्याने ठरवून टाकलं.

मग कळपाचा म्होरक्या आला. गुरुने फासा टाकला, आणि पडला एक. वज्रबाहूच्या मांडीत सुळा घुसला. पुन्हा टाकला, पुन्हा तसाच फुटका आकडा. तिसऱ्या फाशाला म्होरक्या मेला खरा, पण वज्रबाहूही धर्मशाळेच्या पायरीवर कोसळला. या खेळात पात्र मेलं की मेलं, परत येत नाही. आणि फासे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडलेले, त्यामुळे विरेशला काही लपवताही येईना.

"काव्या," गुरु म्हणाला, "जखमेवर जरा जादू ओत. लई रक्त चाललंय."

"किती लागेल?"

"एक घागर बास."

"अख्खी?" काव्याची पेन्सिल कागदावर अडखळली. "विरेश, जादू परत कधी येणार?"

इथे विरेशला सुचलेली गोष्ट त्याच्या आयुष्यातली सर्वांत भिकार गोष्ट होती. आपलं जग कसं खरंखुरं आहे, हे दाखवायची त्याला हौस! तो म्हणाला, "सांगता येत नाही. मधे पाइप फुटला तर आठवडाही जाईल."

काव्याने दोन्ही तळहात कागदावर पसरले. चित्रातली भांडी झाकली गेली.

"अगं, मी मरायलोय!"

"दिसतंय रे मला! पण..." ती हातांखालच्या भांड्यांकडे बघत म्हणाली, "लहानपणी टँकर चुकला की आई रिकाम्या पिंपात बघत बसायची. भरलेलं भांडं रिकामं करायचं म्हटलं की माझा हातच उचलत नाही. मी काय करू?"

"भरल्या हंड्यांशेजारी मरू व्हय मी? तीन वर्षं वाढवलाय मी ह्याला!" गुरु ओरडला. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. अभिमन्यू म्हणाला, "माझ्या अशिलाला तातडीचा दिलासा मिळावा." काव्या म्हणाली, तू गप्प बस, तू तर चोर. विरेश "अरे, अरे" करत राहिला.

हा गलका ऐकून सावित्रम्मा चहाचा ट्रे घेऊन वर आल्या. "याको? काय झालं? खाली कढीत मीठ किती घातलं ते विसरले मी."

"अव्वा," अभिमन्यू म्हणाला, "गुरु मरायला टेकलाय, काव्याकडं भरलेले हंडे हायत, आणि ती थेंब देईना."

"का गं?"

"काकू, परत कधी येणार तेच सांगत नाहीत हो!"

सावित्रम्मांनी ट्रे हळूच टेबलावर ठेवला. "सोडणारा कोण हाय?"

तिघांचीही बोटं एकाच दिशेला गेली.

"तू व्हय?" त्या लेकाकडे वळल्या. "सगळा गाव भांडी मांडून बसलाय, आणि तुला वेळ सांगता येत न्हाय? मग दिवसभर करतोस काय वर बसून?"

"अव्वा, हा खेळ आहे!"

"लोकांचा जीव चाललाय, आणि तुला खेळ सुचायलाय व्हय!"

आयुष्यभर नळाशेजारी बसून काढलेल्या सगळ्या पहाटांचा राग त्या एका वाक्यात होता. विरेशला आपण नेमकं काय चुकलो ते कळेना, पण मान आपोआप खाली गेली. तेवढ्यात काव्याने डोळे मिटले आणि म्हणाली, "वाटीभर देते." त्या वाटीने वज्रबाहूचं रक्त तेवढं थांबलं. तो भिंतीला धरून उभा राहिला.

आता हा काव्यावर फुटणार, टेबल उधळणार, असं विरेशला वाटलं. पण गुरुने चहाचा घोट घेतला आणि काव्याला विचारलं, "उद्या सकाळी जादू नक्की येणार, असं माहीत असतं, तर तू मला किती दिली असतीस?"

"पिंप ओतलं असतं तुझ्यावर," काव्या म्हणाली. "दोन पिंपं!"

"मग हिची काय चूक?" गुरु म्हणाला. "चला तळ्यावर."

विरेश दचकला. तळ्यावर ड्रॅगन होता. त्या ड्रॅगनपर्यंत पोचायला पुढचे सहा महिने लागावेत, म्हणून त्याने मधे सात गुहा, तीन शाप आणि एक दुःखी राजकन्या रचून ठेवली होती. "तळ्यावर ड्रॅगन आहे हं, सांगून ठेवतो!"

"असू दे की," सावित्रम्मा स्टुलावर बसत म्हणाल्या. "त्याला तरी पाणी कुठनं येतंय ते बघू."

आणि निघाला मोर्चा! पुढे लंगडत वज्रबाहू, मागे रिकामे हंडे घेतलेला सगळा गाव, मधे भरलेल्या भांड्यांच्या बैलगाड्या आणि त्यावर काव्या. अभिमन्यू घोषणा देत होता. गुहा वाटेत लागल्या, पण गावकऱ्यांना घेऊन गुहेत कोण शिरतंय? शापांना कुणी दाद दिली नाही. राजकन्येला सावित्रम्मांनी हंडा देऊन रांगेत उभं केलं.

ड्रॅगनने पंख पसरले. विरेशने आवाज जाड केला, टेबलावर मूठ आपटली. काव्याने मात्र झाकणं काढायला सुरुवात केली होती. "तळंच आपलं होणार असेल, तर आता साठवून काय करायचंय?" ती म्हणाली. तिने पहिलं पिंप गुरुवर ओतलं, वज्रबाहू ठणठणीत! आगीचा तर ड्रॅगनवर काही परिणाम होईना, तो आगीतच वाढलेला. मग काव्याने उरलेली सगळी जादू एका मंत्रात घातली आणि वज्रबाहूला अल्लद उचलून ड्रॅगनच्या मानेवर ठेवलं. "गुरु, आता तू!"

गुरुने फासा टाकला. तो टेबलभर गडगडत गेला, चहाच्या कपाला लागला आणि थांबला. वीस!

कधी नव्हे ते काव्या आणि गुरुने एकमेकांना टाळी दिली. अभिमन्यूने शिट्टी मारली. सावित्रम्मा म्हणाल्या, "बरं झालं मेला," आणि कढी बघायला खाली गेल्या. विरेशचं सहा महिन्यांचं जग चहा गार व्हायच्या आत संपलं होतं.

"पुढं काय?" गुरुने विचारलं.

"पुढे काही नाही," विरेश बारीक आवाजात म्हणाला. "मी एवढंच रचलं होतं."

"असं कसं? तळं आमचं झालं. आता गावागावांला पाइप टाकायचे, वेळा ठरवायच्या. लई काम हाय. तू ऊठ."

"ऊठ म्हणजे?"

"खुर्चीवरनं ऊठ. पुढच्या रविवारपासनं मी चालवतो. तुला जादू सोडायला येत न्हाय."

खुर्ची गेल्याचं विरेशला वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. पण गुरु 'पुढच्या रविवारपासनं' म्हणाला होता! ते कानात साठवत तो उठला, आणि उठता उठता त्याच्या छातीवरचा आठवडाभराचा धोंडाही उतरला.

पुढच्या रविवारी गुरु दुकान बंद करून वेळेआधीच आला. काव्याने या वेळी तलवार घेतली. म्हणाली, साठवायची काळजी नको, डोकं शांत राहतं. विरेशने अर्थातच जादूगार घेतला. तीन वर्षं दुसऱ्याचे अग्निगोळे बघितले होते, एकदा स्वतः टाकायची त्यालाही हौस होतीच की! पहिल्याच पुलावर राक्षस आडवा आला. विरेश ताडकन उभा राहिला, हात वर केला आणि गरजला, "अग्निगोळा!"

"तुमच्या गावाला काल सकाळी सहाला येऊन गेली," गुरु शांतपणे म्हणाला. "सांगितल्या वेळेला. भरून ठेवली व्हतीस का?"

विरेशकडे साधा तांब्याही नव्हता.

काव्याची तलवार सपासप चालायला लागली. अभिमन्यू राक्षसाचा खिसा कापत होता. फासे खडखडत होते, सगळे ओरडत होते, आणि विरेश मुठीत फासा घेऊन कडेला बसला होता. बराच वेळ बसला. शेवटी त्याला राहवेना.

"गुरु, हे काही बरोबर नाही बे! मी दर रविवारी असं नुसतं बसूनच राहायचं का?"

गुरुने चहाचा कप खाली ठेवला. त्याच्या आवाजात राग नव्हता.

"मी बसलो की तीन वर्षं," तो म्हणाला.